पित्ताशयाची मर्जी

पित्ताशयात मावतं जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर पित्त. एवढ्याशा पिशवीला अख्ख्या देहाच्या खाण्यापिण्यात नाक खुपसायचा अधिकार आहे, हे सोनोग्राफीत 'अनेक खडे' दिसल्यावर कळलं.

पित्त तयार करतं यकृत, तेही दिवसाला लिटरभराच्या आसपास. पित्ताशय ते नुसतं साठवतं आणि दाट करतं. (राबणारा एक आणि रुबाब दुसऱ्याचा, हे शरीरातही चालतंच.) स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात उतरले की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं, पित्ताशय आवळतं आणि एखादा खडा नेमका त्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. मग उजव्या बरगडीखाली निघालेली कळ थेट उजव्या खांद्यात. घरच्यांनी आधी बराच वेळ खांद्यालाच मलम चोळलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला. तळलेलं नाही, लोणी नाही, साय नाही. तेल दिवसाला तीन चमचे, कंसात 'सपाट'. त्या कंसाने घात केला. आमची ही चमचा तेलाने भरते, डोळ्यांसमोर धरते आणि वरचा फुगवटा सुरीने निपटून काढते. तेल सुरीला चिकटतं. म्हणजे माझ्या वाट्याच्या तीन चमच्यांतलंही थोडं तेल रोज सुरी खाते. सुरीला खडे नाहीत.

यापेक्षा उपास बरा, असं मी डॉक्टरांना बाणेदारपणे सांगून पाहिलं. ते दचकले. "अहो, उपाशी अजिबात राहू नका! पित्ताशय रिकामं झालं नाही की पित्त साचतं, खडे वाढतात. आणि वजन झपाट्याने उतरवलंत तर आणखी नवे होतील." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! पोटात थोडं तेल गेलंच पाहिजे, म्हणजे पिशवी हलेल; पण खडा हलेल इतकं जाता कामा नये. या दोन हलण्यांमधली सीमारेषा तक्त्यात कुठेच नाही. ती रात्री दोन वाजता कळते.

हे दुखणं जुनंच म्हणा. सोव्हिएत संघात मनुईल पेव्ह्झ्नर नावाच्या डॉक्टरांनी रोगांनुसार आहाराचे 15 क्रमांक ठरवले होते. यकृत-पित्ताशयवाल्यांच्या वाट्याला पाचवा आला. त्यातही तळलेलं बंद, मांसाचा रस्सा बंद आणि वर थंडगार काही नको. राज्यं बुडतात, पथ्यं टिकतात.

परवा घरगुती जेवणाला आम्ही तिघे पथ्यकरी नेमके शेजारी बसलो. मावसभावाला फॅटी लिव्हर. त्याला साखर, गोड पेयं आणि दारू बंद, शिवाय वजन हळूहळू सात ते दहा टक्के उतरवायचं. काकांना सिरोसिस, म्हणजे यकृत निबर होत जाण्याचा आजार; त्यांचं मीठ तोडलेलं. तिघांचे तक्ते एकत्र केले असते तर ताटात पाणी उरलं असतं, आणि काकांना पाणीही मोजूनच होतं. हेवा मात्र मला काकांचाच वाटला. पूर्वी सिरोसिसच्या रुग्णाची प्रथिनं सरसकट कमी करत; आता आग्रहाने देतात, आणि रात्रभराच्या उपासात स्नायू झिजू नयेत म्हणून झोपायच्या आधी मुद्दाम खाऊ घालतात. डॉक्टरांच्या हुकमाने रात्री खाणारा माणूस मी प्रथमच पाहिला. खाताना त्यांचा चेहरा अगदी आज्ञाधारक होता.

शेवटी पित्ताशय काढायचं ठरलं. ऑपरेशननंतरचं पथ्य विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "काही दिवस तेलकट बेताने. मग बहुतेकांना सगळं चालतं. पित्त यकृतातून परस्पर आतड्यात ठिबकत राहतं."

"म्हणजे या पिशवीवाचून काहीच अडत नाही?"

"फारसं नाही."

"मग आजच काढा की!"

"तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तोवर तक्ता पाळा."

हिने तो लॅमिनेट करून आणलाय.