पी५३ पॉझिटिव्ह, म्हणून ताईचं लग्न

सकाळी मित्राचा फोन आला. त्याच्या बाबांचं मूत्राशय काढून महिना झालाय आणि काल मार्करचा, म्हणजे कॅन्सरच्या गाठीतल्या खुणा तपासल्याचा, रिपोर्ट हातात पडला. रडत होता. मी धीर देत होतो तोवर म्हणाला, काका म्हणतायत धाकटीचं उरकून घेऊ, बाबांच्या डोळ्यांदेखत. माझं डोकंच फिरलं. (त्याला विचारूनच लिहितोय.)

हेच वाक्य मी २००६ मध्ये आमच्या ओटीवर ऐकलंय.

अण्णांना हाच, मूत्राशयाचा कॅन्सर. लघवी लाल व्हायची पण दुखत काहीच नव्हतं, म्हणून उन्हाळी लागलीय म्हणत चार महिने धने-जिऱ्याचं पाणी पीत बसले. मग ऑपरेशन, पोटावर पिशवी. रिपोर्टमध्ये गाठ स्नायूपर्यंत, लिम्फ नोड, म्हणजे आजूबाजूच्या लसीकाग्रंथी, क्लीन आणि खाली एक ओळ, पी५३ पॉझिटिव्ह. पी५३ हे पेशीतलं एक प्रथिन. त्या ओळीचा अर्थ सांगायला पाच मिनिटं कुणी बसलं नाही आमच्याजवळ. मी एकोणीस वर्षांचा, सायबर कॅफेत जाऊन शोधलं. १९९४ चा अमेरिकेतला अभ्यास, मूत्राशय काढलेले २४३ पेशंट, ज्यांच्या गाठीत पी५३ साठलेलं त्यांचा आजार जास्त उलटला, ते लवकर गेले. प्रिंटआउट काढून मीच घरी वाचून दाखवला. तीन आठवड्यांत ताईचं लग्न. एमएस्सीचं शेवटचं वर्ष होतं तिचं.

अण्णा गेले २०१७ ला. हार्ट अटॅकने. अकरा वर्षांनी!

आणि २०११ मध्ये काय छापून आलं माहितीये? अण्णांसारखेच पेशंट, गाठ फार तर स्नायूपर्यंत, नोड क्लीन. पी५३ पॉझिटिव्ह असेल तर पुढे केमो देऊन फायदा होतो का, हे बघायला ट्रायल घेतली होती. फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवली, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह यांच्या जगण्यातही फरक सापडला नाही. ज्या ओळीवर आम्ही ताईचं कॉलेज बंद केलं ती ओळ ही अशी.

मार्कर बिनकामाचे नाहीत, मान्य. आजार पसरला असेल तर एफजीएफआर३ हे जनुक तपासावंच, त्यात बदल सापडला तर एर्डाफिटिनिब नावाची गोळी आहे, आणि ऑपरेशननंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडतो का यावरून पुढची ट्रीटमेंट ठरवता येऊ लागलीय. पण त्या टेस्ट डॉक्टरने औषध ठरवायला असतात हो, काकांनी मुहूर्त काढायला नाही! शंभर पेशंटमध्ये कुणाचा गट जास्त जगला एवढंच त्या अभ्यासातून कळतं, तुमच्या घरातला माणूस त्या शंभरात कुठे बसतो ते कोण सांगणार? गाठ किती खोल गेली, नोडमध्ये आहे का, हे आधी विचारा ना. ते मित्राने विचारलंच नव्हतं. आम्हीही नव्हतं विचारलं.

ताईचं प्रॅक्टिकलचं जर्नल अजून आईच्या ट्रंकेत आहे. बॉटनीचं. अर्ध्यावर थांबलंय, शेवटच्या पानावर खोडाच्या छेदाची आकृती आहे, पेन्सिलीने बाण काढलेत, नावं लिहायची राहिलीत. ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. उलट तू लहान होतास म्हणते.

दुपारी तिला फोन करून मित्राच्या घरचं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, रविवारी मला घेऊन चल, त्या मुलीशी मी बोलते.