जिओचे २९९ आणि माझे ५५ डॉलर

जुलै २०२४ मध्ये जिओने दर वाढवले, बाकीच्यांनीही लगेच वाढवले, तेव्हापासून आमच्या गिरगावच्या भावंडांच्या ग्रुपवर अधूनमधून तोच वाद पेटतो, लुटतात साले, चला बीएसएनएलला पोर्ट करू. रोज दीड जीबीवाला २८ दिवसांचा प्लॅन २३९ चा २९९ झाला. मी टोरंटोत महिन्याला ५५ डॉलर भरतो, म्हणजे तीन हजारांच्या वर, पण म्हणून तिकडच्यांना गप्प बसा म्हणायचा हक्क मला नाही, पगारही तिकडचाच धरायला हवा ना.

जिओचं श्रेय मात्र द्यायलाच पाहिजे. २०१६ मध्ये जिओ येण्याआधी १ जीबीला अडीचशेच्या आसपास पडायचे आणि मी इकडून कॉलिंग कार्डाचे नंबर दाबत बसायचो. आता अनंत चतुर्दशीला आई गॅलरीतून फोन खाली धरते, ढोलताशात एकमेकांचं काही ऐकू येत नाही तरी तासभर फोन चालूच, तिचा अंगठा अर्ध्या स्क्रीनवर.

पण मला भीती वेगळीच वाटते. मुंबईत एकेकाळी लूप, एअरसेल, टाटा डोकोमो, युनिनॉर अशा किती मोबाइल कंपन्या होत्या! सगळ्या जिओमुळेच गेल्या असं नाही, लूप तर २०१४ मध्येच बंद पडलं, पण आता खाजगी तीनच उरल्यात आणि त्यातली व्होडाफोन आयडिया कर्जाखाली दबलेली. इथे कॅनडात रॉजर्स, बेल, टेलस या तिघांच्याच हातात बहुतेक मार्केट आहे. ८ जुलै २०२२ ला रॉजर्सचं नेटवर्क देशभर बसलं तर एक कोटीवर लोकांचे फोन-इंटरनेट बंद, दुकानांत डेबिट कार्डं चालेनात, कित्येकांना ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबरसुद्धा लागेना. म्हणून मुंबईची सरकारी एमटीएनएल मेली तर मेली असं म्हणणाऱ्या माझ्या भावाशी मी भांडतो. तिचं नेटवर्क आता बीएसएनएलच चालवतं, ते धड चाललं पाहिजे, नाहीतर पोर्ट करणार कुठे?

आणि जिओकडे २जी नाहीच, जुन्या बटणांच्या फोनात ते सिम चालत नाही. आईच्या शेजारच्या काकूंकडे तसलाच फोन आहे, त्यांना नुसतं बोलायचं असतं आणि बँकेचा ओटीपी यायला हवा असतो. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटाशिवायचे प्लॅन द्यायला लावले तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं, काकूंना म्हणावं रिचार्जवाल्याकडे डेटा नसलेलाच प्लॅन माग, तो दुसरा गळ्यात मारेल.