बंद पडलेल्या सौर दिव्याचा फोटो आणि त्याखालची पाच विधानं

एक फोटो सध्या खूप फिरतोय. धुळीने माखलेला सौर दिवा आणि शेजारी गंजलेल्या टोकांची बॅटरी. खालचा मजकूर असा: वंचित वस्त्यांना सौर दिवे आणि कौशल्य प्रशिक्षण देणं ही उधळपट्टी आहे. दिवे वर्षभरात बंद पडतात, शाळा न पाहिलेल्या माणसांना तंत्र शिकवून उपयोग नाही, फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही, दिव्याने कुणाची कमाई वाढत नाही, आणि आज ना उद्या वीज येणारच आहे.

मी बरीच वर्षं सौर दुरुस्तीचे वर्ग घेत आले आहे. असे दिवे मीही पाहिलेत, तेव्हा फोटो खोटा आहे असं म्हणणार नाही. पण त्यावरून काढलेली पाचही अनुमानं तपासून पाहायला हवीत.

"दिवे वर्षभरात बंद पडतात."

पडतात. मात्र त्यात काय बिघडतं ते पाहा. पॅनेलचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं असतं, आणि चांगल्या प्रतीचा एलईडी हजारो तास चालतो. दगा देते ती बॅटरी, नाहीतर एखादा सैल जोड, तुटलेली तार, उडालेला फ्यूज किंवा जळलेला चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा भाग. लेड-ॲसिड बॅटरी रोज तळापर्यंत वापरली, तिच्यातलं पाणी पाहिलं नाही, तर ती लवकर मरणारच. बारा व्होल्टची अशी बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर साधारण १२.७ दाखवतो. दुपारच्या उन्हात तिच्या जोडीचं पॅनेल मोकळ्या टोकांवर २० च्या आसपास दाखवत असेल आणि तरीही बॅटरी भरत नसेल, तर पॅनेल बहुधा निर्दोष आहे, दोष मधल्या वाटेवर कुठेतरी किंवा बॅटरीतच आहे. तो शोधायला एक मीटर, एक सोल्डरिंगची कांडी आणि शिकलेला हात पुरतो.

हा हात वस्तीत नसेल तर दिवा दुरुस्तीसाठी दूर न्यावा लागतो. जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी बुडते, आणि तिथे सुटा भाग मिळेलच असं नाही. म्हणून दिवा खुंटीला टांगला जातो आणि पुढे कुणीतरी त्याचा फोटो काढतं. म्हणजे या फोटोत प्रशिक्षणाचा अभाव दिसतो आणि संदेश तोच फोटो प्रशिक्षणाच्या विरोधात पुरावा म्हणून दाखवतो. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा दिवे जोडणं, विकणं आणि दुरुस्त करणं ही तिन्ही कामं गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकडे सोपवली होती. वाटप करून परत फिरणाऱ्या योजनेत आणि या रचनेत फरक आहे, आणि तो संदेशात कुठेच येत नाही.

"शाळा न पाहिलेल्यांना तंत्र शिकवून उपयोग नाही."

या विधानाचा मला सर्वात जास्त राग येतो, म्हणून त्यावर जरा थांबते.

राजस्थानातल्या तिलोनियाला बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली संस्था आज बेअरफूट कॉलेज म्हणून जगभर ओळखली जाते. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यांतून तिथे बायका येतात. त्यांतल्या अनेक जणी आज्या असतात आणि बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही. एकमेकींची भाषा कळत नाही, शिकवणाऱ्याचीही कळत नाही. खुणांनी, रंगांनी आणि हाताला हात लावून सुमारे सहा महिने शिकल्यावर त्या कंट्रोलरची पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, जोडून, पॅनेल बसवून, बिघाड काढून परत जातात. आज्याच का, याचं संस्थेकडचं उत्तर फार व्यवहारी आहे: तरुण मुलगा प्रमाणपत्र मिळालं की शहर गाठतो, आजी गावात राहते.

यात चमत्कार काही नाही. रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, किती अडवतो ते मुळात रंगीत पट्ट्यांनीच लिहिलेलं असतं. आकडे ओळखायला शिकलं की मीटर वाचता येतो, आणि ते फार दिवसांचं काम नाही. माझ्या वर्गात सर्वात सफाईने सोल्डरिंगचा डाग देणाऱ्या बायका बहुधा शिवणकाम केलेल्या असतात, कारण नजर आणि बोटं त्यांनी आधीच कमावलेली असतात. अडचण शिकणाऱ्याच्या डोक्यात क्वचित असते. ती आमच्या वर्गांत असते: तीन दिवस व्याख्यान, समारोपाला प्रमाणपत्र, आणि हातात एकही बिघडलेला दिवा दिलेला नाही. अशा प्रशिक्षणावर टीका करायची असेल तर मी त्या संदेशाच्या बाजूने उभी राहीन.

"फुकट मिळालं की किंमत राहत नाही."

ऐकायला पटतं. पण केनियात गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या देताना हे पडताळून पाहिलं गेलं. काहींना फुकट, काहींना थोड्या पैशांत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, फुकट घेणाऱ्यांनी मच्छरदाणी कमी वापरली असं दिसलं नाही. किंमत लावल्यावर घेणाऱ्यांची संख्या मात्र खूप घटली. गरिबाला वस्तूची कदर नसते, हा समज आपल्या सोयीचा आहे, एवढंच.

तरीही दिव्याच्या बाबतीत मी हप्त्यांच्या बाजूची आहे, आणि माझं कारण वेगळं आहे. हप्ता घेणारा माणूस पुन्हा पुन्हा दारात येतो, आणि दिवा बंद असेल तर हप्ता मिळत नाही. मग दुरुस्ती आपोआप होते. हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये उभ्या केलेल्या सेल्को या सौर कंपनीने बँकेचं कर्ज आणि घरपोच सेवा यांची अशीच सांगड घातली. बांगलादेशात २००३ पासून चाळीस लाखांहून जास्त घरगुती सौर संच गेले, तेही बहुतांशी हप्त्यांवर आणि गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञांच्या भरवशावर.

"दिव्याने कमाई वाढत नाही."

हे विधान बरंचसं खरं आहे, आणि आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी ते मान्य करायला फार वेळ लावला. उत्तर प्रदेशातल्या ८१ वस्त्यांमध्ये झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सौर वीज आली, रॉकेलवरचा खर्च घटला. पण बचत, नवे धंदे, अभ्यासाचे तास यांत ठोस फरक आढळला नाही. दोन दिवे आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय, एवढ्याने घर श्रीमंत होईल अशी अपेक्षाच चुकीची होती.

म्हणून दिवा निरुपयोगी ठरतो का? साध्या वातीच्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी वजनाने सात ते नऊ टक्के भाग काजळी होऊन बाहेर पडतो, आणि ती काजळी त्याच खोलीतली माणसं श्वासातून आत घेतात. ती थांबणं हा फायदा वहीत कमाई म्हणून लिहिता येत नाही. कमाईसाठी मात्र प्रकाशाच्या पलीकडे जावं लागतं. तेच ऊन शिलाई यंत्राची मोटर फिरवतं, लोहाराचा भाता चालवतं, भाजीपाला सुकवतं. एस४एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी सौर वाळवणयंत्रांवर शेतकरी स्त्रियांसोबत काम करते. पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार तिला मिळाला. तिथे यंत्राबरोबर माल विकत घेणारी साखळीही आहे. कौशल्य, यंत्र आणि गिऱ्हाईक या तिन्हींतलं एक गळालं की उरलेली दोन पडून राहतात. हे मी शिवणवर्गांतही पाहिलंय: यंत्रं आली, बायका शिकल्या, शिवायला कुणी कापड आणलं नाही.

"वीज येणारच आहे."

२०२२ मध्ये जगात सुमारे ६८.५ कोटी लोक विजेविना होते, बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. त्यांनी किती वर्षं थांबावं, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. पण समजा वीज आली. बिहारमधल्या धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॅटचं सौर केंद्र उभं राहिलं, थोड्याच काळात तिथे सरकारी वीज पोचली आणि पुढे ते केंद्र बंद पडलं. हे उदाहरण वादात हमखास येतं, आणि येऊ द्यावं. केंद्र थांबू शकतं. ज्या बाईला तुटलेली तार शोधता येते, फ्यूज का उडतो हे कळतं, मीटर लावता येतो, तिचं काम मात्र वीज आल्यावर वाढतं. आता तिच्याकडे पंखे येतात, पंप येतात, इन्व्हर्टर येतात, आणि घरात नवी वायरिंग करून घ्यायची असली की बोलावणं तिलाच येतं.