वसई-ठाण्याची पडकी चर्चे आणि मिझेरिकोर्दिया : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

ठाण्यातील इतिहासप्रेमी मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर हातोहात पुढे सरकत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वसईपासून ठाण्यापर्यंतचे एकूण एक पोर्तुगीज चर्च मराठ्यांनी १७३९ साली पाडले, या चर्चांशी जोडलेला ‘मिझेरिकोर्दिया’ नावाचा बंधुसंघ म्हणजे पाद्र्यांनी धर्मांतरासाठी चालवलेली यंत्रणा आणि इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, हस्तक होता, आणि चर्चे पडताच साष्टीतील, म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतच्या बेटावरील, ख्रिस्ती उपासना बंद झाली, ती १७७४ मध्ये इंग्रज आल्यावरच पुन्हा सुरू झाली. हा मजकूर काही जण अभिमानाने आणि काही जण तक्रार म्हणून पुढे पाठवतात, ही त्यातली गंमत. चूक मात्र दोघांचीही एकच आहे.

पाडापाडीपासून सुरुवात करू. मराठ्यांच्या हातून काहीच पडले नाही, असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. वांद्र्याच्या डोंगरावरील मरियमचे प्रार्थनामंदिर त्या स्वारीत उद्ध्वस्त झाले. वसईच्या मोहिमेतून आणलेल्या चर्चच्या घंटा आजही देवळांत आहेत. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आणि नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल वाचता येते. त्याआधी पोर्तुगीज अमलात याच साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि मंडपेश्वरच्या लेण्यात फ्रान्सिस्कन साधूंनी आपले चर्च थाटले होते, हेही तितकेच खरे आहे. परंतु ‘एकूण एक’ आणि ‘१७३९ साली’ हे दोन्ही शब्दप्रयोग पुराव्यापुढे टिकत नाहीत.

मे १६१८ मध्ये वसईवर आलेल्या प्रचंड वादळाने घरांबरोबर चर्चे आणि मठही मोडून टाकले. १६७४ मध्ये मस्कतचे सुमारे ६०० अरब चाचे वसईला उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्चे लुटली. आतली फौज तटामागून पाहत राहिली. १६९५ मध्ये आलेल्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाला प्लेगमुळे शहराचा तिसरा हिस्सा ओस पडलेला दिसला. वसई चिमाजी आप्पांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीच ते शहर आतून पोखरले गेले होते. पुढे १७८० च्या अखेरीस जनरल गॉडर्डच्या इंग्रज फौजेने त्याच किल्ल्यावर तोफांचा भडिमार केला, तेव्हा किल्ला मराठ्यांकडे होता आणि भिंती पोर्तुगीजांनी बांधलेल्या होत्या. आज तिथे फिरताना दिसणारी प्रत्येक भगदाडाची खूण एकाच वर्षाच्या खात्यावर टाकणे म्हणजे दीड शतकाचा हिशेब एका ओळीत मिटवणे होय.

इंग्रजांच्या मुंबईतील उदाहरणे तर मजकूर लिहिणाऱ्याला सोयीची नसावीत. किल्ल्यासमोरच्या मैदानातील एस्पेरान्सा चर्च १७६० च्या सुमारास पाडले गेले, कारण तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात आडोसा ठेवायचा नव्हता. बदली चर्च भुलेश्वरला उभे राहिले. माझगावचे जुने ग्लोरिया चर्च १९११ च्या सुमारास पाडून नवे भायखळ्याला बांधले गेले. अंधेरीच्या सीप्झच्या कुंपणात दिसणारे सेंट जॉन चर्चचे अवशेष तर कोणीच पाडलेले नाहीत. १८४० च्या साथीनंतर लोक मरोळला गेले आणि चर्च मागे राहिले.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र गोव्याचे आहे. जुन्या गोव्यातील नोसा सेन्योरा दा सेर्रा हे चर्च गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो दे अल्बुकर्कने उभारले, १५१५ मध्ये मरण पावल्यावर तो तिथेच पुरला गेला, आणि पुढे त्याच आवारात गोव्याच्या मिझेरिकोर्दियाचे केंद्र होते. जुने गोवे मराठ्यांनी कधीच जिंकले नाही; तरीही ते चर्च आज उभे नाही. साथींनी शहर रिकामे झाले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी ठरली, आणि सांभाळायला माणूस न उरलेल्या वास्तूंचे जे होते तेच तिथल्या बहुतेक वास्तूंचे झाले. जवळचे सेंट ऑगस्टिन चर्च १८३५ मध्ये सोडून द्यावे लागले, कारण धार्मिक संघ बरखास्त करण्याचा हुकूम खुद्द पोर्तुगालच्या सरकारचा होता. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले.

दुसरा दावा बंधुसंघाविषयीचा, आणि माझ्या मते मजकुरातील सर्वांत निष्काळजी भाग हाच आहे. मिझेरिकोर्दियाची स्थापना १४९८ मध्ये लिस्बनला राणी लेओनोरच्या आश्रयाने झाली. गोवा, कोची, चौल, वसई अशा ठाण्यांत तिच्या शाखा निघाल्या. ती पाद्र्यांची नव्हती, गृहस्थांची होती. तिचा प्रमुख, म्हणजे प्रोवेदोर, दरवर्षी सभासद निवडत, आणि कारभार तेरा जणांचे मंडळ पाहत असे. १५६२ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने राजाच्या थेट संरक्षणातील अशा संस्थांना बिशपच्या तपासणीतूनही वगळले. मिझेरिकोर्दिया आपल्या चर्चसाठी पगारी पाद्री नेमत असे, म्हणजे मजकुरात सांगितलेले मालक-नोकराचे नाते प्रत्यक्षात नेमके उलट होते.

तिचे काम ठरलेले होते : कैद्यांना अन्न देणे, बेवारस प्रेतांना मूठमाती देणे, युद्धकैद्यांची सुटका करणे, अनाथ मुलींच्या लग्नाला हुंडा देणे, इस्पितळे चालवणे. समुद्रापार मेलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता मायदेशातील वारसांपर्यंत पोचवणे हाही तिचा मोठा व्यवहार होता, आणि पैशाची चणचण भासली की गोव्याचे सरकार तिच्याच तिजोरीकडे वळत असे.

ही स्तुती नव्हे. लिस्बनच्या शाखेत ठरलेल्या ६०० सभासदांपैकी निम्मे उमराव आणि निम्मे कारागीर असत, आणि १६१८ च्या नियमावलीत सभासदाच्या ‘शुद्ध रक्ता’ची अट स्पष्ट होती, नव्याने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातील माणसाला दार बंद होते. जी संस्था धर्मांतरितांना आत घ्यायलाच तयार नव्हती, तिला धर्मांतराची यंत्रणा म्हणणे विचित्र आहे. तिच्यावर टीका करायचीच तर ती वसाहतीतील वरच्या वर्गाने आपल्यासाठी राखून ठेवलेली, प्रतिष्ठेची संस्था होती अशी करावी, आणि ती टीका बोचरी ठरेल. १५६० पासून गोव्यात बसलेले इन्क्विझिशन हे वेगळे न्यायालय होते, त्याचे अधिकारी वेगळे होते. दोन्ही संस्था पोर्तुगीज होत्या एवढ्यावरून त्या एक ठरत नाहीत.

उरला शेवटचा दावा. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मुभा लिहून दिलेली होती. पोर्तुगीज कुटुंबे निघून गेली, त्यामुळे मिझेरिकोर्दियासारख्या त्यांच्या संस्थांचा आधार सुटला. युरोपीय पाद्र्यांना थारा उरला नाही, कारण ते शत्रूच्या दरबाराशी बांधलेले मानले जात. त्यांची जागा एतद्देशीय पाद्र्यांनी घेतली. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या शोधात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच अभ्यासक अँकतील द्यु पेराँ १७६० मध्ये साष्टीत फिरला, तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती सण मोठ्या गर्दीने साजरा होताना त्याने पाहिला, आणि एखाद्या ख्रिस्ती देशात असावे तितक्या मोकळेपणाने इथे मिरवणुका निघतात अशा अर्थाची नोंद त्याने केली. वांद्र्याच्या डोंगरावरील ते पडलेले प्रार्थनामंदिरही त्याच सुमारास पुन्हा उभे राहिले. साष्टी तेव्हा पेशव्यांच्या ताब्यात होती. इंग्रजांनी ठाणे घ्यायला आणखी चौदा वर्षे होती.