स्पीकर अडखळतो म्हणून वायफायचा पासवर्ड काढू नका

'वायरलेस स्पीकर अडखळतोय? गाणं मध्येच तुटतंय? कंपन्या सांगत नाहीत असे पाच उपाय' हा मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या, योगवर्गाच्या ग्रुपवर फिरतोय. उपाय असे: वायफायचा पासवर्ड काढून टाका, कारण तो तपासण्यात निम्मा वेग जातो. राउटरच्या अँटेनांना अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. ३०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाचा प्लॅन घ्या. दर रविवारी राउटर रीसेट करा. आणि गाणं तुटायला लागलं की राउटर बंद करून चालू करा.

असे मेसेज मी एरवी न वाचता पुसते. पण शनिवार पेठेत एकट्या राहणाऱ्या माझ्या आत्यानं यातला पहिला उपाय करूनही टाकला. शेजारच्या मुलाला बोलावून तिनं पासवर्ड काढून घेतला आणि वर तो मेसेज आणखी चार जणींना पाठवला. म्हणून मी पासवर्डबद्दलच सविस्तर लिहिणार आहे. बाकीच्या उपायांनी फार तर पैसे जातील, नाहीतर एखादी दुपार वाया जाईल. या उपायानं माणूस पोलिसांच्या चौकशीत सापडू शकतो.

आधी वेगाचं बघू. स्पीकर वायफायला जोडला जातो तेव्हा त्याच्यात आणि राउटरमध्ये चार निरोपांची देवाणघेवाण होते आणि दोघांकडे एकच पासवर्ड असल्याची खात्री पटते. हे सगळं सेकंदाच्या आत उरकतं. पुढे तासभर गाणी वाजली तरी पासवर्ड कुणी पुन्हा विचारत नाही. डेटा सांकेतिक करण्याचं काम चालू असतं, पण ते वायफायची चिपच करते आणि गाण्याएवढ्या डेटाला तिला काहीही कष्ट पडत नाहीत. 'निम्मा वेग जातो' हे साफ खोटं आहे.

ही अफवा कुठून उगवली असेल याचा अंदाज मात्र मला आहे, आणि तेवढं मान्य करायला हवं. राउटरमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असा जुनाट ठेवला असेल, तर राउटर नवा असूनही वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो. तिथे पासवर्ड काढला की वेग वाढल्यासारखा दिसतो. पण त्यावर इलाज आहे तो सुरक्षेचा प्रकार बदलून 'डब्ल्यूपीए२-एईएस' करण्याचा. एक मिनिटाचं काम आहे. काही जुने स्पीकर फक्त डब्ल्यूपीए३ हा त्याहून नवा प्रकार ठेवलेल्या राउटरला जोडलेच जात नाहीत. त्यांच्यासाठी दोन्ही चालणारा मिश्र पर्याय असतो, तो निवडावा. पासवर्ड उडवण्याची गरज यातल्या कशालाच नाही.

आता पासवर्ड काढल्यावर काय होतं ते. पेठेतल्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या. आत्याचं उघडं वायफाय वरच्या मजल्यावर, समोरच्या वाड्यात, खालच्या दुकानात, सगळीकडे दिसायला लागलं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली तर आत्याचा फोन, टीव्ही आणि स्पीकर यांच्याखाली अनोळखी फोनांची रांग होती. म्हणजे स्पीकरच्या वाट्याचं नेट इतरांनी वापरायला सुरुवात केली होती. शिवाय एका वायफायवर असलेल्या कुणालाही असल्या स्पीकरवर आपल्या फोनमधलं गाणं लावता येतं. रात्री अकराच्या सुमारास आत्याच्या स्वयंपाकघरात अचानक ढोल-ताशा वाजायला लागला, तो असा. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला त्या वेळी काय वाटलं असेल? आणि मेसेज म्हणतो, उपाय!

आत्या म्हणाली, "अगं, माझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?" प्रश्न चोरीचा नाहीच, आत्या. तुझ्या नावावरचं कनेक्शन वापरून कोण काय करेल याचा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास यंत्रणा त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवर ओळखीसाठी मिळणारा क्रमांक) शोधत गेल्या त्या थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाचा त्या ईमेलशी काही संबंध नव्हता. दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या असुरक्षित वायफायवरून तो पाठवला होता. तरी त्याचे संगणक जप्त झाले, चौकशा झाल्या, देशभरच्या बातम्यांत त्याचं नाव झळकलं आणि मगच तो निर्दोष असल्याचं स्पष्ट झालं. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागानं वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. त्या फ्लॅटचं हे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे. आयपी पत्ता कनेक्शनच्या मालकाकडेच बोट दाखवतो, त्यामुळे पहिली बेल त्याच्याच दारावर वाजते. एवढं माहीत असताना 'पासवर्ड काढा' असं लिहून 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' म्हणणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

फॉइलचं थोडक्यात. धातू रेडिओ लहरी परतवतो. अँटेनाला फॉइल गुंडाळलं तर लहरींची वाटच अडते. अँटेनाच्या मागे विशिष्ट आकाराचा धातूचा पडदा ठेवून लहरी हव्या त्या दिशेला वळवता येतात हे खरं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ते करून दाखवलं. पण तो आकार त्या-त्या खोलीसाठी गणित करून ठरवलेला होता. पोळ्यांच्या डब्यातलं चुरगळलेलं फॉइल ते काम करणार नाही.

प्लॅनबद्दल तर बोलायलाच नको. सीडीच्या दर्जाचं गाणं, काहीही न गाळता, सेकंदाला १,४११ किलोबिट घेतं. म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. नेहमीचं ऑनलाइन गाणं ३२० किलोबिट किंवा त्याहून कमी. आत्याचा आहे तो प्लॅनसुद्धा यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग तिचं गाणं तुटत का होतं? स्पीकर फ्रिजवर आणि शेजारी मायक्रोवेव्ह. सकाळी अभंग लावायचे आणि त्याच वेळी दूध गरम करायला ठेवायचं. मायक्रोवेव्ह साधारण २,४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि तिच्या स्पीकरला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, म्हणजे दोघं एकाच पट्ट्यात. राउटर होता टीव्हीच्या कपाटात, सेट टॉप बॉक्सच्या मागे दडपलेला. मी राउटर कपाटावर आणला, स्पीकर मायक्रोवेव्हपासून दूर खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. मग फोनवर वायफाय तपासायचं फुकट अॅप उघडलं तर इमारतीतले बहुतेक राउटर ६ आणि ११ या चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या त्या दोन कप्प्यांत, दाटीवाटीनं बसलेले. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आत्याचा राउटर 'ऑटो'वरून काढून १ वर ठेवला आणि चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ केली. एकाच वेळी मी दूध गरम करायला लावलं, तिनं अभंग लावला, आणि तो तुटला नाही.

रविवारी रीसेट करण्याचा सल्ला देणाऱ्याला रीसेट आणि रीस्टार्ट यातला फरकच ठाऊक नाही. मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट केलं की इंटरनेट कंपनीनं भरलेलं यूजरनेमसुद्धा पुसलं जाऊ शकतं. मग त्यांचा माणूस येईपर्यंत घरातलं नेट बंद.

राहिला पाचवा उपाय, बंद करून चालू करण्याचा. हा उपयोगी पडतो, नाही म्हणणार नाही. पण रोज करावा लागत असेल तर मूळ दोष तसाच आहे. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊन आली की अनेकांचा स्पीकर 'सापडत नाही', कारण राउटर पुरता सुरू होण्याआधीच स्पीकर त्याला शोधून थकलेला असतो, किंवा त्याला नवा आयपी पत्ता मिळतो आणि अॅप जुनाच धरून बसतं. आधी राउटर, दोन-तीन मिनिटं थांबून स्पीकर, असं लावा. राउटरमध्ये स्पीकरसाठी आयपी पत्ता राखून ठेवता आला तर उत्तम. फोन पाहुण्यांच्या (गेस्ट) नेटवर्कवर आणि स्पीकर घरच्या नेटवर्कवर असेल तरी तो दिसत नाही. स्क्रीन बंद झाल्यावरच गाणं थांबत असेल तर फोनच्या बॅटरी बचतीतून ते अॅप वगळा.

तुमच्या आई-वडिलांनी, काका-काकूंनी पासवर्ड काढला असेल तर आज घरी जाऊन परत लावा. शेजारच्या मुलाला माहीत असलेला जुना नको, नवा लावा. स्पीकरला तो पुन्हा द्यावा लागेल, त्यासाठी त्याचं अॅप फोनवर आधीच उघडून ठेवा. आणि राउटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्ड अजूनही खोक्यावर छापलेला 'अॅडमिन'च असेल, तर त्याच बैठकीत तोही बदला.