धुराड्याचा हिस्सा

आप्पा यंदा पहिल्यांदाच हिवाळ्यात आमच्याकडे अमेरिकेत, व्हरमाँटला आले. सांगलीकडच्या साखर कारखान्यात बॉयलरवर 31 वर्षं काढलेला माणूस. बाहेर उणे 20. दोन स्वेटर, वर माकडटोपी, तरी पहिलं लक्ष गेलं ते लाकडाच्या स्टोव्हमधून छतात शिरणाऱ्या काळ्या पाइपकडे.

"ही ऊब कुठं चालली?"

"वर."

"म्हणजे लाकडं तू फोडायची आणि शेकायचं कावळ्यांनी!"

कारखान्यात म्हणे धुराला असं फुकट सोडत नाहीत. चिमणीकडे निघालेल्या धुराकडून इकॉनॉमायझरमध्ये बॉयलरचं पाणी आधी तापवून घेतात. "ते राहू दे, आपला न्हाणीतला बंब बघ. मधल्या नळ्याभोवती पाणी. तांब्याला जे कळतं ते ह्यांना कळंना?"

दुसऱ्या दिवशी पाइपवर टेबलफॅन रोखला गेला. खोली खरंच जरा उबदार झाली, आणि तिथंच घात झाला. तिसऱ्या दिवशी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून त्यांनी पाइपला पंख बसवले. चुलीशेजारी मोर येऊन उभा राहिला आहे असं दिसू लागलं. पाइपवरच्या चुंबकी तापमापकाचा काटा 120 अंशांच्या खाली आला. आप्पांना तो विजय वाटला. रात्री त्यांनी पाइपमधली झडपही जवळजवळ मिटली.

पहाटे तीनला लाकूड घालायला मी स्टोव्हचं दार उघडलं. धूर वर जायच्याऐवजी माझ्याच तोंडावर आला. धूर गरम, म्हणून हलका, म्हणून चिमणी ओढते. त्याची सगळी ऊब काढून घेतली तर तो वर जाईल कशाला? अलार्म किंचाळला. बायकोने सगळी दारं-खिडक्या उघडल्या. तीन दिवसांत वाचवलेली ऊब चार मिनिटांत बर्फावर गेली, आणि आम्ही तिघं पायमोजे घालून अंगणात.

चिमणी साफ करणाऱ्याने ब्रश फिरवला तसा अर्धी बादली काळा, चकचकीत थर खाली आला. थंड पाइपात धुरातली वाफ न् डांबर गोठून बसतं, त्याला क्रिओसोट म्हणतात. पेटलं तर चिमणीच पेटते. आप्पांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं, वास घेतला आणि मुकाट्याने पक्कड आणून स्वतःच एकेक पंख उतरवला.

फॅन तेवढा राहिला, सगळ्यात हळू. आप्पा रोज स्टोव्हजवळ शेकत बसतात, पण पाइपकडे पाठ करून. दोघांचं बोलणं बंद आहे.