क्रेन पडली की ऑपरेटरच का सापडतो?

आमच्या मित्रांच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. कुठेतरी क्रेन कलंडली, व्हिडिओ फिरला आणि तासाभरात निकाल पण लागला, ऑपरेटर पिऊन असणार. दुसरी पार्टी म्हणते ठेकेदाराला उलटा टांगा. मी लंडनला साइटवर असतो म्हणून मला टॅग करून विचारतात, तिकडे कसं असतं रे?

इकडे १९९८ पासून क्रेनसारख्या यंत्रांनी माल उचलण्यासाठी लोलर (LOLER) नावाचे नियम आहेत, त्यामुळे माल उचलायच्या आधी प्लॅन लागतो आणि कुणाचं काय काम ते नावानिशी ठरलेलं असतं. प्लॅन करणारा अपॉइंटेड पर्सन, समोर उभा राहणारा लिफ्ट सुपरवायझर, पट्टे बांधून इशारे देणारा स्लिंगर आणि वर ऑपरेटर, जो फक्त त्या स्लिंगरचंच ऐकतो. पण थांबायचा इशारा कुणीही द्यावा, अगदी झाडू मारणाऱ्यानेही, आणि ऑपरेटरने थांबायचंच. वारा वाढला की आमचा ऑपरेटर सरळ काम बंद करतो, मॅनेजर बसतो बोटं मोडत.

आता आपली हायड्रा आठवा, माल उचलून तो घेऊन चालणारी छोटी क्रेन. बूम, म्हणजे क्रेनचा हात, समोर, त्यामुळे ड्रायव्हरला पुढचं धड दिसत नाही, माल लोंबकळतोय, गाडी चालतेय आणि एक पोरगं चपला घालून तो माल हाताने धरून पुढे चालतंय. इशारे कोण देतंय? जो जवळ असेल तो, एक ओरडतो आरिया (खाली सोड), दुसरा ओरडतो हबेस (वर घे). त्या पोराने थांबा म्हटलं तर मुकादम उद्यापासून येऊ नको म्हणणार, मग तो कशाला बोलेल?

१ ऑगस्ट २०२३ ला शहापूरजवळ सरळांबे इथे समृद्धीच्या कामावर गर्डर बसवायचं लाँचर रात्रपाळीत कोसळलं, २० माणसं गेली. तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षेचे नियम मोडले तर दंड किती? जास्तीत जास्त दोन हजार रुपये, नाहीतर तीन महिने कैद, किंवा दोन्ही. दोन हजारात हायड्रा दिवसभर भाड्याने मिळाली तरी नशीब.

इकडे स्वर्ग आहे असं मात्र समजू नका. २००६ मध्ये लंडनच्याच बॅटरसीला टॉवर क्रेन पडली, ऑपरेटर गेला आणि खाली एक रहिवासी गेला. कारण निघालं बोल्ट. त्याच क्रेनचे बोल्ट आधीही तुटले होते, नवीन बसवले आणि का तुटले ते कुणी नीट शोधलंच नाही. क्रेन भाड्याने देणाऱ्या कंपनीला साडेसात लाख पौंड दंड झाला, पण कधी, तर २०१६ ला! आणि जबाबदारी ढकलणं इथेही चालतं, नुसती क्रेन भाड्याने घेतली तर प्लॅन आणि सुपरवायझर तुमचा, काँट्रॅक्ट लिफ्ट घेतली, म्हणजे उचलायचं अख्खं काम क्रेनवाल्याला दिलं, तर त्याचा, ती महाग पडते म्हणून लोक पहिलं घेतात आणि मग प्लॅन करायला माणूस शोधत फिरतात.

माझा चुलतभाऊ नाशिकला ठेकेदारी करतो, तो म्हणतो दादा तुमच्याकडे एका क्रेनमागे चार माणसं, मला टेंडर लागतं सगळ्यात कमी रेटने, मी त्यांना पगार कुठून देऊ? त्याचं चूक नाही, म्हणून तर मला ऑपरेटर प्यायला होता का हा वादच फालतू वाटतो. टेंडरमध्ये सिमेंट, स्टीलची वेगळी लाइन असते ना, तशी सिग्नलमन आणि सुपरवायझरची टाका, त्या लाइनवर रेट पाडायला बंदी घाला, आणि ती माणसं साइटवर दिसली नाहीत तर बिल अडवा. बिल अडलं की ठेकेदार काय करतो ते मला सांगायला नको, तो माझाच भाऊ आहे.